जुन्या घराला बाहेरून इन्सुलेटिंग प्लास्टर केलं तर घर खरंच गरम राहतं का? (जर्मनी)

नवं_घर_कार्लस्रूह

नमस्कार मंडळी. आम्ही यंदा उन्हाळ्यात कार्लस्रूहमध्ये १९२९ सालचं घर घेतलं. ओळीतलं मधलं घर आहे, दोन्हीकडे शेजाऱ्यांच्या भिंती, म्हणजे उघड्या भिंती दोनच, एक रस्त्याकडची आणि एक बागेकडची. खाली तळघर, वर दोन मजले आणि त्याच्यावर रिकामा माळा. घर बघायला गेलो तेव्हा जुलै होता, आत इतकं गार वाटलं की तिथेच पसंत पडलं, आणि आता नोव्हेंबरपासून त्याच भिंतींजवळ बसवत नाही. हीटिंग २२ वर ठेवलं तरी भिंतीकडचा खांदा गारठतो.

सगळ्यात जास्त काळजी वरच्या मजल्यावरच्या खोलीची आहे. सासूबाई कोल्हापूरहून आल्यात, त्या तिथे झोपतात. त्यांचं कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं, ते परवा सरकवलं तर मागे खालच्या कोपऱ्यात काळी बुरशी, चांगला हातभर पट्टा, आणि खालच्या कप्प्यातल्या साड्यांना कुबट वास. कपाट सध्या खोलीच्या मध्ये आणून ठेवलंय पण हा काही उपाय नाही.

आता तीन माणसांनी तीन गोष्टी सांगितल्यात. एक प्लास्टरवाला म्हणतो रस्त्याकडचं जुनं प्लास्टर काढून ५ सेमी डॅमपुट्स, म्हणजे इन्सुलेटिंग प्लास्टर, मारू, हीटिंगचं बिल अर्ध्यावर येईल. दुसरा म्हणतो प्लास्टर वगैरे काही नको, पुढूनमागून १६ सेमीचे थर्माकोलचे बोर्ड चिकटवा. तिसरा तर एक रंग विकायला आलाय, त्यात म्हणे सिरॅमिकचे बारीक गोळे असतात, दोन हात मारले की झालं. रस्त्याकडची भिंत थेट फुटपाथला लागून आहे आणि खिडक्यांभोवती लाल वालुकाश्माच्या सुंदर चौकटी आहेत, त्या बोर्डखाली गाडायला माझं मन तयार नाही. वरच्या मजल्याची भिंत २५ सेमी भरीव विटांची आहे असं विकणाऱ्याच्या कागदात लिहिलंय.

कुणी हे प्लास्टर करून घेतलंय का? खरंच फरक पडतो का? आणि खर्च एकदाच करायचा असेल तर नेमका कशावर करावा?

विटामाती

ताई, मी व्हिएन्नात याच विषयात काम करतो, जुन्या इमारतींच्या भिंती, ओल, उष्णता वगैरे. जरा लांबलचक लिहितो, कारण हे आकड्यांशिवाय समजत नाही आणि विकणारे लोक नेमके आकडेच सांगत नाहीत.

इन्सुलेटिंग प्लास्टर म्हणजे साधा चुना-सिमेंटचा मसालाच, फक्त त्यात वाळूच्या जागी थर्माकोलचे बारीक दाणे नाहीतर पर्लाइट असतं, म्हणजे दाण्यादाण्यात अडकलेली हवा. माल किती उष्णता जाऊ देतो त्याच्या आकड्याला लॅम्डा म्हणतात, जितका कमी तितकं चांगलं. भरीव विटेचा साधारण ०.८, साध्या प्लास्टरचाही जवळपास तेवढाच, चांगल्या इन्सुलेटिंग प्लास्टरचा ०.०७ च्या आसपास, आणि थर्माकोलच्या किंवा मिनरल वूलच्या (खनिज तंतूंच्या लोकरीच्या) बोर्डाचा ०.०३५. म्हणजे प्लास्टर विटेपेक्षा दहापट चांगलं, पण बोर्डाच्या निम्मंच. गोणीवर टी१ की टी२ लिहिलंय ते बघा, युरोपियन स्टँडर्डप्रमाणे टी१ म्हणजे लॅम्डा ०.१ पर्यंत आणि टी२ म्हणजे ०.२ पर्यंत. नाव दोघांनाही इन्सुलेटिंग प्लास्टर हेच, आणि टी२ वाला माल ५ सेमी मारून फारसं काही हाती लागत नाही.

आता तुमची २५ सेमीची भिंत. आज तिची यू-व्हॅल्यू साधारण १.९ असणार, म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असला की दर चौरस मीटरमधून १.९ वॅट बाहेर जातात. ५ सेमी चांगलं प्लास्टर मारलं की ती ०.८ वर येते. १६ सेमी बोर्ड लावले की ०.२ वर. त्यामुळे प्लास्टरवाल्याचं "अर्धं" हे भिंतीपुरतं खरं आहे, त्या भिंतीतून जाणारी उष्णता अर्ध्याहून कमी होते. पण बिल अर्धं होत नाही, कारण तुमचं घर मधलं आहे आणि उष्णता माळ्यातून, तळघराच्या छतातून, खिडक्यांतून आणि फटींतूनही जाते, त्यातल्या एकाच भिंतीचं अर्धं म्हणजे एकूण बिलाच्या मानाने लहान तुकडा. खिडक्या वजा करून रस्त्याकडची भिंत ३० चौ.मी. धरली तर कागदावर वर्षाला सुमारे २,४०० किलोवॅट-तास वाचतात, म्हणजे २४० घनमीटर गॅस. प्रत्यक्षात त्याहून कमीच, कारण जुन्या घरातले लोक सगळ्या खोल्या काही पूर्ण तापवत नाहीत आणि हिशेबात त्या तापवलेल्या धरलेल्या असतात.

तरीही मी प्लास्टर वाया आहे असं म्हणणार नाही, आणि त्याचं कारण तुमच्या त्या कपाटामागे आहे. बाहेर उणे ५ आणि आत २० असताना तुमच्या भिंतीचा आतला पृष्ठभाग १४ अंशांच्या जरा खालीच असतो, आणि कोपऱ्यात, कपाटामागे जिथे खोलीची हवा पोचत नाही तिथे अजून खाली. खोलीत आर्द्रता ५० टक्के असली तर पृष्ठभाग १२.६ अंशांच्या खाली गेला की बुरशीला पोषक ओल तयार होते, त्यासाठी भिंतीवर पाण्याचे थेंब दिसायला हवेत असं नाही. ५ सेमी प्लास्टरनंतर तोच पृष्ठभाग १७ च्या वर जातो. म्हणजे बुरशीची भीती बरीच जाते आणि खांदाही गारठत नाही, कारण आपलं अंग हवेइतकंच समोरच्या भिंतीचं तापमानही जाणवून घेतं. मग २२ च्या जागी २० वरही बरं वाटतं, आणि ही बचत वरच्या हिशेबात धरलेली नाही.

रंगाबद्दल: थर अर्धा मिलिमीटरचा. त्याचा लॅम्डा अगदी ०.०३ असता तरी त्याने अडवलेली उष्णता म्हणजे सव्वा सेंटीमीटर विटेएवढी. तुमच्याकडे तशी वीट आधीच २५ सेमी आहे. त्या माणसाला चहा देऊन परत पाठवा.

स्टुटगार्टचा_सातारकर

विटामाती दादांनी भिंतीचं सगळं सांगितलंच आहे, मी कायद्याचं आणि पैशाचं सांगतो कारण हे प्लास्टरवाला कधीच सांगत नाही आणि नंतर आपल्या गळ्यात येतं.

जर्मनीच्या इमारत-ऊर्जा कायद्यात, गेबॉयडेएनर्गीगेझेट्स मध्ये, असं आहे की बाहेरच्या भिंतींच्या एकूण क्षेत्रफळापैकी १० टक्क्यांपेक्षा जास्त भागाचं प्लास्टर काढून नवं केलं की ती भिंत यू-व्हॅल्यू ०.२४ पर्यंत आणावी लागते. नुसत्या भेगा बुजवल्या, रंग मारला तर लागू नाही. जुनं प्लास्टर खरवडून नवं म्हटलं की लागू. आणि ०.०७ वाल्या प्लास्टरने ०.२४ गाठायला २५ सेमी जाडी लागेल, जी कुणी मारत नाही. पण कायद्यातच सवलत आहे, तांत्रिक कारणाने जाडी वाढवता येत नसेल तर जितकं शक्य आहे तितकं करा, संरक्षित वास्तू असेल तर वेगळा नियम, आणि खर्च वसूलच होणार नसेल तर सूट मागता येते. फुटपाथला लागून असलेली भिंत आणि दगडी चौकटी ही कारणं मांडता येतात, फक्त ती एनर्गीबेराटरकडून, म्हणजे ऊर्जा सल्लागाराकडून, लेखी घ्या, तोंडी काही चालत नाही. फुटपाथवर १६ सेमी पुढे यायचं तर नगरपालिकेची परवानगी वेगळी.

सबसिडी: बाफाकडून, म्हणजे सबसिडी देणाऱ्या सरकारी कार्यालयाकडून, भिंतीच्या इन्सुलेशनला १५ टक्के मिळतात, घराचा टप्प्याटप्प्याचा आराखडा, झानिअरुंग्सफारप्लान, आधी करून घेतला असेल तर आणखी ५. पण त्यासाठी भिंत ०.२० पर्यंत आणावी लागते, त्यामुळे साध्या इन्सुलेटिंग प्लास्टरला एक पैसा मिळत नाही. इथे एक बारकी गोष्ट मात्र तुमच्या कामाची आहे. घर संरक्षित यादीत असेल, किंवा नगरपालिकेने "विशेष जपण्याजोगी वास्तू" असा दाखला दिला, तर अट ०.४५ वर येते. आणि एरोजेलचं (हवेने भरलेल्या अतिशय हलक्या पदार्थाचं) प्लास्टर असतं, लॅम्डा ०.०२८, ते ५ सेमी मारलं तर तुमची भिंत बरोबर त्या आकड्याच्या आत बसते. महाग आहे, साध्या इन्सुलेटिंग प्लास्टरच्या कितीतरी पट, पण चौकटी वाचतात आणि सबसिडी मिळते. आधी नगरपालिकेच्या वारसा विभागाला एक ईमेल टाका, त्याला पैसे लागत नाहीत. आणि एक लक्षात ठेवा, बाफाच्या अर्जाआधी कंत्राटदाराशी बिनशर्त करार करायचा नाही, करारात सबसिडी मंजूर झाली तरच लागू असं कलम हवंच. हे आकडे सरकार अधूनमधून बदलतं, त्यामुळे अर्जाच्या दिवशी जे चालू असेल तेच खरं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कदाचित घर घेताना कुणी तुम्हाला सांगितलं नसेल. एक-दोन कुटुंबांचं जुनं घर विकत घेतलं की नव्या मालकाला दोन वर्षांत काही कामं करावीच लागतात: सगळ्यात वरच्या मजल्याच्या छताला इन्सुलेशन (किंवा मग छपरालाच), न तापवलेल्या तळघरातले गरम पाण्याचे पाइप गुंडाळणं, आणि ३० वर्षांपेक्षा जुना साध्या प्रकारचा बॉयलर बदलणं. तुमचा माळा रिकामा आहे, म्हणजे हे काम तुम्हाला असंही करायचंच आहे, आणि नशिबाने तेच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फायद्याचं आहे. माळ्याच्या जमिनीवर मिनरल वूल नाहीतर सेल्युलोज (कागदाचा भुगा) अंथरायचं, परांची नको, परवानगी नको, दोन माणसं शनिवार-रविवारात करतात. त्यानंतर तळघराचं छत खालून ८-१० सेमी बोर्डांनी. भिंत तिसऱ्या नंबरवर.

नवं_घर_कार्लस्रूह

बाप रे, दोन वर्षांचं खरंच माहीत नव्हतं. नोटरीकडे एवढं मोठं वाचून दाखवलं त्यात असेल तर माझ्या कानावरून गेलं असणार. खूप खूप धन्यवाद दोघांनाही.

एक शंका. हेच प्लास्टर आतून मारलं तर? म्हणजे बाहेरच्या चौकटींना धक्का नाही, फुटपाथ नाही, परवानगी नाही, आणि फक्त सासूबाईंच्या खोलीपुरतं लगेच करता येईल. यूट्यूबवर एक जण थर्माकोलचे बोर्ड आतून चिकटवताना दाखवतोय, एका दिवसात खोली तयार.

विटामाती

आतून करता येतं, पण ते बाहेरच्यापेक्षा जास्त नाजूक काम आहे आणि थर्माकोलचे बोर्ड तर मुळीच नकोत.

कारण असं की बाहेरून इन्सुलेशन केलं की वीट घराच्या उबेत येते. आतून केलं की वीट उलट आणखी थंड होते कारण तिला आतली ऊब मिळणं बंद होतं, आणि आतल्या हवेतलं बाष्प कुठल्याही फटीतून, बोर्डच्या मागच्या पोकळीतून त्या थंड विटेपर्यंत पोचलं की तिथे पाणी होतं. बुरशी जात नाही, फक्त बोर्डमागे दिसेनाशी होते. म्हणून आतून करायचं तर चुन्याचं इन्सुलेटिंग प्लास्टर किंवा कॅल्शियम सिलिकेटचे बोर्ड, जे पाणी शोषून घेतात आणि परत खोलीत सुकवतात, ते भिंतीला पूर्ण चिकटून, मागे एक इंचही पोकळी न ठेवता, आणि वर चुन्याचा नाहीतर सिलिकेटचाच रंग, प्लास्टिक इमल्शन लावलं की सगळं मुसळ केरात.

दुसरी भीती लाकडी तुळयांची. १९२९ च्या घरात मजल्याच्या तुळयांची टोकं बहुतेक करून बाहेरच्या भिंतीत रोवलेली असतात. आतून इन्सुलेशन केलं की ती टोकं थंड आणि ओली राहायला लागतात आणि वर्षानुवर्षं कुजत जातात, वरून काहीच कळत नाही. तुळया पुढच्या-मागच्या भिंतीत टेकल्यात की शेजाऱ्यांच्या भिंतीत ते आधी शोधा, ओळीतल्या घरांत बऱ्याचदा शेजारच्या भिंतीत असतात, तसं असेल तर निम्मी काळजी मिटली.

आणि रेडिएटर काढून त्याच्या मागे बघा. त्या काळच्या घरांत खिडकीखाली कोनाडा करून त्यात रेडिएटर बसवायचे, तिथे भिंत अर्धीच, कधी १२ सेमी. सगळ्यात गरम वस्तू सगळ्यात पातळ भिंतीला लावलेली. तो कोनाडा आतून भरून घेणं हे छोटं काम आहे आणि लगेच जाणवतं. खिडकीवर शटरचा जुना लाकडी डबा असेल तर त्याच्या फटीसमोर उदबत्ती धरून बघा, धूर कुठे वाहतो ते दिसेल.

लेस्टरची_काकू

मी इंग्लंडमधून लिहितेय, इकडे व्हिक्टोरियन काळातली नऊ इंची विटांची घरं गल्लोगल्ली आहेत आणि प्रश्न अगदी हाच. माझ्या भावाच्या घरी पुढच्या खोलीत आतून कॉर्क आणि चुन्याचं प्लास्टर केलंय, ते मी हात लावून बघितलंय, जानेवारीतसुद्धा भिंत हाताला गार लागत नाही. पण पोरी, माझं सांगणं वेगळं आहे.

काय लावता यापेक्षा कोण लावतो हे बघा. इकडे सरकारी योजनेत हजारो घरांना बाहेरून इन्सुलेशन केलं आणि नॅशनल ऑडिट ऑफिसने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं की त्यातल्या ९८ टक्के घरांच्या कामात असे दोष आहेत की दुरुस्त केले नाहीत तर ओल आणि बुरशी येईल. माल चांगला होता हो. खिडकीची खालची पट्टी पुढे काढली नाही, पन्हळीचा पाइप परत बसवताना भोक तसंच सोडलं, छपराखाली वरची कड उघडी ठेवली, मग पावसाचं पाणी बोर्डमागे जातं आणि तिथून निघत नाही. शेजारच्या गल्लीत एका घराचं असंच झालं, दोन हिवाळ्यांत आतली भिंत ओली.

आणि आपल्या स्वयंपाकाचं कुणी बोलत नाही. सकाळी कुकरच्या शिट्ट्या, डाळ-भात, मग आंघोळी, मग खोलीतच कपडे वाळत, ती सगळी वाफ कुठे जाणार? जिथे थंड भिंत सापडेल तिथे. जर्मन लोक सकाळ-संध्याकाळ खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं समोरासमोर वारा काढतात ना, ते अगदी बरोबर आहे. खिडकी दिवसभर नुसती वरून तिरपी उघडी ठेवायची नाही, त्याने हवा फारशी बदलत नाही आणि खिडकीभोवतीची भिंत गार होऊन बसते. सासूबाईंना थंडी वाजेल म्हणून खिडकी बंदच ठेवत असाल तर त्या खोलीबाहेर असताना उघडा. दहा-पंधरा युरोचा आर्द्रता मोजायचा काटा आणून त्या खोलीत ठेवा, ६० च्या वर जातोय का बघा. त्यांच्या छातीला त्रास नाही ना? बुरशीच्या खोलीत म्हाताऱ्या माणसाला झोपवू नका, काही दिवस दुसरीकडे सोय करा.

गिलावा_सांगली

आमचा तीन पिढ्यांचा हाच धंदा, मी स्वतः म्युनिकजवळ प्लास्टरच्या साइटवर आहे. वरच्या सगळ्यांनी हिशेब सांगितला, मी हाताचं सांगतो.

पहिलं काम हातोडीच्या मागच्या टोकाने भिंतभर ठोकून बघायचं. टणक आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर तिथला गिलावा सुटलाय. इन्सुलेटिंग प्लास्टर हलकं असतं, पण जो थर स्वतःच भिंत सोडतोय त्याच्यावर काही टिकत नाही. वर जुना प्लास्टिक रंग असेल तर तोही काढायचा. खाली दोन-तीन फुटांत पांढरी पूड, लोणा दिसतोय का बघा. लोणा असेल तर जमिनीतून पाणी चढतंय, आधी त्याचा बंदोबस्त, कारण ओल्या विटेवर कितीही जाड थर मारला तरी तो काही उपयोगाचा नाही, ओली वीट उष्णता जास्तच वाहून नेते आणि वर लोणा नवं प्लास्टर खाऊन टाकतो. इन्सुलेटिंग प्लास्टर जमिनीपर्यंत न्यायचंच नाही, फुटभर वर थांबवायचं आणि खाली वेगळं पाणी न शोषणारं जोत्याचं प्लास्टर.

मग विटेवर पातळ मसाल्याचे शिंतोडे मारून भिंत खरखरीत करायची, कोपऱ्यांना पट्ट्या बसवायच्या, ओळंब्याने आणि दोरीने जाडी काढायची आणि मशीनने थर मारायचा. जाडी जास्त असेल तर दोन थरांत, मधल्या थराला वेळ देऊन. हा माल मऊ असतो, बोटाने दाबला तरी खळगा पडतो, म्हणून वरून जाळीचा थर लागतोच, फायबरची जाळी मसाल्यात बुडवून, एकावर एक दहा सेमी चढवून, खिडकीच्या चारही कोपऱ्यांना तिरकी जादा पट्टी. ही तिरकी पट्टी टाकली नाही तर पहिल्याच वर्षी कोपऱ्यातून भेग धावते. त्याच्यावर शेवटचा खनिज थर, फिकट रंगाचा, गडद रंग उन्हात तापून भेगाळतो.

सुकायला घाई करायची नाही. दर मिलिमीटरला एक दिवस हा आमचा हिशेब, ५ सेमीला म्हणजे दीड-पावणेदोन महिने, त्याआधी जाळीचा थर मारणारा माणूस दिसला तर त्याला थांबवा. आणि हवा किंवा भिंत ५ अंशांच्या खाली असताना काम करायचंच नाही, त्यामुळे आत्ता हिवाळ्यात कुणी "लगेच करून देतो" म्हणत असेल तर त्याला हो म्हणू नका. एप्रिलनंतर बघा.

तुमच्या दगडी चौकटींचं एक माप आधी घ्या ताई. चौकट आजच्या प्लास्टरच्या पुढे किती येते ते पट्टीने मोजा, आणि जुनं प्लास्टर किती जाड आहे ते एखाद्या फुटलेल्या जागी बघा. या दोन्हीची बेरीज म्हणजे तुम्हाला मिळणारी जागा. बेरीज ४ सेमी असेल आणि तुम्ही ५ सेमी मारलं तर चौकट आत बुडाल्यासारखी दिसेल आणि पावसाचं पाणी दगड आणि प्लास्टरच्या सांध्यावर साचेल. दगडाला मसाला थेट चिकटवू द्यायचा नाही, मध्ये फुगणारी सीलपट्टी घालायला सांगा.

नाशिकवाला

विषय थंडीचा चाललाय पण विचारतो, आमच्याकडे नाशिकला वरच्या मजल्यावर मे महिन्यात भट्टी होते, असं प्लास्टर पश्चिमेच्या भिंतीला मारलं तर उष्णता आत येणं कमी होईल का?

विटामाती

होईल, उष्णता दोन्ही दिशांना तशीच अडते. पण वरच्या मजल्याला मुख्य ताप स्लॅबचा असतो, सूर्य डोक्यावर असताना सगळं ऊन तिथेच पडतं. आधी गच्चीवर पांढरं परावर्तक कोटिंग नाहीतर पांढऱ्या चायना मोझॅक टाइल्स, मग पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून सावली. एवढं झाल्यावरच पश्चिमेच्या भिंतीला हात घाला.

नवं_घर_कार्लस्रूह

सगळ्यांचे मनापासून आभार, घरातल्या सगळ्यांना बसवून वाचून दाखवलं. सासूबाईंना खालच्या बागेकडच्या खोलीत हलवलंय, काकू, छातीला त्रास नाहीये. काटा आणला, वरच्या खोलीत सकाळी ६८ दाखवत होता, खिडक्या उघडायला लागल्यापासून पन्नाशीत येतोय.

मापं घेतली. चौकटी आजच्या प्लास्टरच्या ४ सेमी पुढे आहेत आणि कुंड्यांच्या मागे जिथे फुटलंय तिथे जुना गिलावा अडीच सेमी निघाला. म्हणजे साडेसहा सेमी जागा आहे, ५ सेमी मारूनही दगडाची कड दीड सेमी बाहेर राहील, हे बघून खरंच आनंद झाला. तळघरात वाकून बघितलं तर तुळया शेजाऱ्यांच्या भिंतींकडे जाताना दिसतात.

तर आता ठरलंय असं: हिवाळ्यातच माळा करून घ्यायचा, मग तळघराचं छत आणि रेडिएटरचे कोनाडे. नगरपालिकेला दाखल्याचं विचारलंय आणि एनर्गीबेराटरची वेळ घेतली आहे. उन्हाळ्यात मागच्या भिंतीला १६ सेमी बोर्ड आणि पुढे प्लास्टर, दाखला मिळाला तर एरोजेलचं, नाहीतर बेराटर लेखी देत असेल तर साधं पर्लाइटचं. रंगवाल्याला नाही म्हणून कळवलं.

शेवटचा प्रश्न, माळ्यावर वूल अंथरण्याआधी खाली प्लास्टिकचा कागद घालायचा का? दुकानातला एक म्हणतो हवाच, एक म्हणतो अजिबात नको.

विटामाती

लाकडी तुळयांचं छत असेल तर खालून, म्हणजे उबेच्या बाजूने बाष्प अडवणारा थर लागतो, पण साधा प्लास्टिकचा कागद नको. आर्द्रतेप्रमाणे उघडमीट करणारी जी मेम्ब्रेन मिळते ती घ्या, म्हणजे हिवाळ्यात बाष्प वर जाऊ देत नाही आणि उन्हाळ्यात लाकूड सुकू देते. ती तुळयांवरून आणि तुळयांच्या मधून सलग अंथरायची, सांधे चिकटपट्टीने बंद, आणि कडेला भिंतीच्या प्लास्टरपर्यंत नेऊन तिथेही चिकटवायची. खालच्या छताचं प्लास्टर अखंड आहे की भेगाळलंय ते बेराटरला दाखवा, त्यावर मेम्ब्रेन कुठली ते ठरतं.

आणि माळ्यावर जायची ती खाली ओढायची शिडी आहे ना, तिचं झाकण विसरू नका. सगळ्या माळ्याला २० सेमी वूल आणि झाकण मात्र नुसत्या प्लायचं असलं तर घरातली गरम दमट हवा तिथूनच वर जाते आणि छपराच्या लाकडावर पाणी धरते. झाकणावर इन्सुलेशन चिकटवा आणि चौकटीला रबराची पट्टी लावा, बंद केल्यावर कागदाचा तुकडा अडकवून ओढून बघा, सहज सुटला तर पट्टी अजून जाड हवी.